दाढदुखीची गिऱ्हाइकं

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या तंद्रीबाईचा नमस्कार. तुझी तब्येत ठणठणीत असेलच. नसली तरी तू सांगणार नाहीस, म्हणून तुझ्या शेजारणीकडे परस्पर चौकशी केली. ती म्हणाली, तू सकाळी गच्चीवर चालतेस, दुपारी कुणाच्या तरी पोरांना फुकट गणित शिकवतेस आणि संध्याकाळी अख्ख्या बिल्डिंगच्या चुका काढतेस. म्हणजे प्रकृती उत्तम. मांजरीचं पोट सुटलंय असंही कळलं, तिचं दूध थोडं कमी कर. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. फोन न करता पत्र लिहितेय, याचं कारण एवढंच की फोनवर तू मला एकही वाक्य पुरं करू देत नाहीस (शाळेतली सवय), आणि या वेळचं वाक्य जरा लांबलचक आहे.

मी नोकरी सोडली हे तुला ठाऊक आहेच. तेव्हा तू नुसतं ‘हं’ म्हणालीस आणि मी तो होकार धरला. विम्याच्या ऑफिसात माझं काम काय, तर दाव्यांचे कागद तपासायचे. पण माझ्या टेबलापाशी माणसं कागद घेऊन कमी आणि रडगाणं घेऊन जास्त यायची. कुणाला बढती नको होती, कुणाला शिंपीकाम करायचं होतं, शिपायाला तर आपण शिपाई का झालो हेच आठवत नव्हतं. मी ऐकत बसायची आणि फायली माझ्यापुढे साठत जायच्या. मग वाटलं, ऐकायचंच आहे तर त्याचाच धंदा का करू नये? घरबसल्या एक कोर्स केला, सोनेरी काठाचं सर्टिफिकेट मिळालं, आणि मी करिअर कोच झाले. (गिऱ्हाईक म्हणायचं नाही, क्लायंट म्हणायचं, हे त्या कोर्समध्ये तीनतीनदा बजावलं होतं. पण तुझ्यापाशी कसली लपवाछपवी? गिऱ्हाईकच.) बाबांना मात्र मी अजून काहीही सांगितलेलं नाही. त्यांनी सगळी उमर त्याच ऑफिसात काढली, कोपऱ्यातल्या साहेबांच्या खुर्चीवरून निवृत्त झाले, आणि मी तिथे लागले तेव्हा ते ऑफिस आपल्या घराण्याचंच असल्यासारखे गल्लीभर सांगत फिरले. त्यांना सांगायला माझी जीभ रेटेना. तेव्हा मी रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडते, आणि संध्याकाळी त्यांच्या घरून फोन आला की ‘आज ऑफिसात काय विशेष?’ याचं उत्तर देते. सुरुवातीला ‘फायली तुंबल्यात’ एवढ्यावर भागायचं. पण बाबांना रोज नवीन काहीतरी हवं असतं, म्हणून मी एक नवा कारकून नेमला. डावखुरा आहे, लाजाळू आहे, जुनं दप्तर उघडलं की शिंकतो. हल्ली तो हिशेब विभागातल्या एका मुलीच्या प्रेमात पडलाय. बाबा आता माझ्याआधी त्याची चौकशी करतात.

आता माझ्या जागेबद्दल. इस्त्रीच्या दुकानावरची एक खोली मिळाली. चढायला अरुंद लाकडी जिना, रस्त्याकडे एक मोठी खिडकी. खालून दिवसभर वाफ वर येते आणि तिच्याबरोबर गरम कपड्यांचा स्वच्छ वास. दुपारी तिरपं ऊन आत आलं की ते वाफेत हळूहळू हलताना दिसतं, खालच्या इस्त्रीचा दबका धप् धप् आवाज येत राहतो, आणि आपण जागे आहोत की नाही हे चिमटा काढून बघावं लागतं. तुला सांगते, पहिले काही दिवस मी तिथे काहीही केलं नाही. खिडकीशी बसायचं आणि समोरच्या गच्चीवर वाळणाऱ्या चादरींकडे बघायचं. एखादी चादर वाऱ्याने फुगली की वाटायचं, आता ही निघाली कुठेतरी. इतकी सुखी मी ऑफिसात कधीच नव्हते. गिऱ्हाईक नव्हतं, एवढंच काय ते न्यून.

या खोलीत आधी दाताचे डॉक्टर बसायचे. आपल्याकडचे जुने डॉक्टर, बाबांच्या तोंडातलं सगळं काम यांच्याच हातचं. त्यांचे गुडघे जिन्याला कंटाळले, म्हणून त्यांनी मागच्या गल्लीत तळमजल्यावर दवाखाना हलवला आणि किल्ली माझ्या हातात दिली. त्यांची ती टेकून झोपायची खुर्ची मात्र जमिनीत बोल्टांनी अशी घट्ट बसवलेली की ती काढायची तर इस्त्रीवाल्याच्या डोक्यावर छत आलं असतं. ‘राहू द्या,’ डॉक्टर म्हणाले, ‘उपयोगी पडेल.’ तेव्हा खुर्ची राहिली, तिच्या बाजूचं चूळ भरायचं भांडं राहिलं, पाण्याचा पेला राहिला आणि वरचा मोठा दिवाही राहिला. (तो मी पहिल्याच दिवशी बाजूला ढकलला, डोळ्यांवर येत होता.) मी स्वतःसाठी एक गोल स्टूल आणलं. डॉक्टरांनी जाताना जिन्याशी पत्ता बदलल्याचा कागद चिकटवला होता; खालच्या वाफेने तो दोन दिवसांत सुटून खाली पडला. त्याच्या जागी माझी सुबक पाटी होती, ‘करिअर मार्गदर्शन, वरचा मजला’. पण आत्या, दाढ ठणकत असलेला माणूस पाटी वाचत नाही.

पहिला आला तो बेकरीवाला. एक गाल दुसऱ्याच्या दुप्पट झालेला. मी ‘या, बसा’ म्हणायच्या आत तो खुर्चीत आडवा झाला, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. मी कोर्समध्ये शिकवल्याप्रमाणे हसून विचारलं, ‘तुम्हाला आयुष्यात नेमकं काय हवंय?’ तो म्हणाला, ‘आं.’ मी म्हटलं, मनातलं अगदी मोकळेपणाने बोला. तो जास्तच मोठ्याने म्हणाला, ‘आंऽऽ!’ आणि बोटाने मागची दाढ दाखवली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी त्याला लवंगेच्या तेलाचा बोळा दिला, मागच्या गल्लीतला पत्ता सांगितला, आणि तो ठणका ओसरेपर्यंत पडून राहिला. पडून राहिलेला माणूस बोलतोच. पहाटे सगळं जग झोपलेलं असताना उठायचं, भट्टीशी उभं राहायचं, बापाने केलं म्हणून आपण करायचं, असं तो संथपणे सांगत राहिला. मी ऐकता ऐकता, न राहवून, कोर्समधला मुख्य प्रयोग त्याच्यावर केला. तो असा: डोळे मिटायचे, आणि पाच वर्षांनंतरची एक सकाळ बघायची. कुठे आहात? हातात काय आहे? समोर काय दिसतं? बेकरीवाल्याने डोळे मिटले. खालून वाफ येत होती. मग तो म्हणाला, ‘पाणी आहे, बाई. शांत पाणी. आणि निळी होडी.’

माझ्या अंगावर काटा आला. भट्टीजवळ जन्म गेलेल्या माणसाच्या आत इतकं पाणी!

मग रांगच लागली म्हण ना. बँकेतली कॅशियर बाई आली, खालचा दात हलतोय म्हणून. तिलाही तळं दिसलं, होडी दिसली. बसचा कंडक्टर आला, अक्कलदाढ घेऊन. त्यालाही होडी, तीही निळीच. शाळेतल्या संगीताच्या मास्तरांना तर होडीचा दोरसुद्धा दिसला. मी रोज संध्याकाळी नवऱ्याला सांगायची की या गावाच्या पोटात एक अख्खा समुद्र दडलाय, लोकांनी तो नोकऱ्यांच्या फरशीखाली बुजवून टाकलाय, आणि तो वर काढायचं काम माझ्या नशिबी आलंय. नवरा पोळी मोडत म्हणाला, ‘इथे नळाला दोन दिवसांआड पाणी येतं. होड्या कुठे चालवणार, बादलीत?’ (तुझा जावई. तूच पसंत केला होतास.) पण मी कुठली ऐकते! मला झोपेत पाण्याचा चुळुक चुळुक आवाज यायला लागला होता. या सगळ्यांत एक बारीकशी अडचण होती, की त्यातलं एकही माणूस माझ्याकडे आलं नव्हतं. सगळे डॉक्टरांकडे आले होते. ठणका थांबला की ‘बरं वाटलं हं, बाई’ म्हणायचे आणि मागच्या गल्लीत जाऊन पैसे त्यांना द्यायचे.

शेवटी एक दिवस दात न दुखता एक माणूस वर आला, आणि तो निघाला आमचे साहेब. हो, बाबांच्या हाताखाली शिकलेले, आता बाबांच्या खुर्चीवर बसतात तेच. त्यांनी माझी जागा अजून भरली नव्हती. महिनाअखेरपर्यंत वाट बघतो म्हणाले, तुमच्या वडिलांकडे बघून. खोलीत बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तेही त्या खुर्चीत टेकले आणि टेकल्यावर आडवे झाले. (ती खुर्चीच तशी आहे. तिच्यात ताठ बसलेला माणूस अजून जन्माला यायचाय.) आडवे झाल्यावर त्यांचा आवाजच बदलला. म्हणाले, जरा वेळ इथे कुणी सही मागणार नाही ना? मी म्हटलं, नाही. ते वर बघत राहिले, बघत राहिले, इतका वेळ की मला वाटलं डोळे उघडे ठेवून झोपले. मग मी माझा प्रयोग केला. त्यांनी डोळे मिटले आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे काही आलं, ते मी त्या ऑफिसात इतकी वर्षं काढूनही कधी बघितलं नव्हतं. ‘होडी,’ ते म्हणाले. ‘निळी.’ पुढच्या आठवड्यात शिपायाचा फोन आला. साहेबांनी राजीनामा दिला.

आत्या, मी खोलीभर नाचले. खरंखुरं, स्वतःच्या पायांनी माझ्याकडे आलेलं पहिलं गिऱ्हाईक, आणि त्याचं आयुष्य मी बदललं! त्याच आनंदात, दुपारच्या वेळी, कुणी नाही असं बघून मी स्वतः त्या खुर्चीत आडवी झाले. म्हटलं, सगळ्यांच्या सकाळी बघितल्या, आता आपलीही बघू. मान टेकवली, वर बघितलं, आणि बघते तो काय, छताला एक चित्र चिकटवलेलं. जुन्या कॅलेंडरचं मोठं पान. शांत पाणी, काठाला खुंटी, खुंटीला दोर, आणि दोराला बांधलेली निळी होडी. दाढ उपटताना माणसाने बघायला काहीतरी असावं म्हणून डॉक्टरांनी केव्हातरी लावलेलं. माझं स्टूल बाजूला, त्यामुळे मला ते कधी दिसलंच नव्हतं. खुर्चीत निजणाऱ्याला मात्र दुसरं काही दिसणं शक्यच नव्हतं. भ्रमाचा भोपळा फुटतो म्हणतात, माझा फुटला तो बरोबर डोक्यावर. दडलेला समुद्र वगैरे काही नव्हतं. गावातल्या सगळ्या दुखऱ्या दाढा एकच कॅलेंडर बघून माझ्याशी बोलत होत्या. आणि एका भल्या माणसाने त्या कॅलेंडरपायी आपली भरल्या पगाराची नोकरी सोडली होती!

मी फार रडले. हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, तुला सांगते. पैसे गेले, नोकरी गेली, हे सोसतं माणूस. पण आपण कुणालातरी भलत्याच रस्त्याला लावलं हे काही केल्या गिळवत नाही. बेकरीवाल्याला जाऊन खरं काय ते सांगितलं, तर तो इतका हसला की त्याची दाढ पुन्हा ठणकायला लागली. साहेबांना सांगायला मात्र पाय उचलत नव्हते. तरी गेले. त्यांच्या घरामागच्या अंगणात फळ्या पसरलेल्या, भुश्शाचा वास, आणि साहेब बाह्या सरसावून रंधा मारत होते. त्यांची बायको चहाचा कप धरून उभी होती. मला म्हणाली, ‘यांना घरात एक खिळा मारता येत नव्हता, बाई. आता बघा.’ तिच्या बोलण्यात तक्रार होती की कौतुक, ते मला कळलं नाही. बहुधा तिलाही कळलं नसावं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, चित्राचं, डॉक्टरांचं, दिव्याचं. म्हटलं, अजून वेळ गेलेली नाही, राजीनामा मागे घ्या.

साहेबांनी रंधा खाली ठेवला. म्हणाले, ‘मी काय आंधळा आहे? चित्र मी बघतच होतो की. तळ्याकाठी माझ्या भावाचा होड्या दुरुस्त करायचा कारखाना आहे, तो मला कितीतरी वर्षं बोलावतोय. पण तुमच्या त्या चित्रातली होडी खुंटीला बांधलेली आहे, आणि रिकामी आहे. मी डोळे मिटल्यावर बघितली ती सुटलेली होती. आणि आत मी बसलो होतो.’

एवढं बोलून त्यांनी चहा प्यायला. मग जाताजाता सहज सांगावं तसं म्हणाले की त्यांच्या जागी त्यांनी माझं नाव सुचवलंय, वरच्यांची तयारी आहे, फक्त मी हो म्हणायचं. बाबांची खुर्ची, आत्या! मी घरी आले ती पायाखालचा रस्ता न बघता. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या डॉक्टरांच्या खुर्चीत निजले, चित्र डोळे भरून बघितलं, आणि मग डोळे मिटले. वाफ येत होती, खाली धप् धप् चालू होतं. माझी होडी सुटलेली होती. मी आत बसले होते आणि माझ्यासमोर कुणीतरी काहीतरी सांगत होतं, आणि मी ऐकत होते, पाणी चमकत होतं. सगळं अगदी हवं तसं. फक्त काठावर बाबा उभे होते, हातात माझा डबा घेऊन, घड्याळ बघत.

मी साहेबांना ‘नको’ कळवून टाकलं. तेव्हा आता मी पुरती कोच आहे, परतीची वाट बंद. तुझा आशीर्वाद असू दे. मांजरीला गोंजार, गच्चीवर चालताना चप्पल घाल, आणि या पत्रात ऱ्हस्वदीर्घाच्या चुका सापडल्या तर मला लाल शाईने परत पाठवू नकोस, मागच्या वेळी पोस्टमनने वाचल्या.

तुझी,
तंद्रीबाई

ता. क. १: मुख्य काम राहूनच गेलं. साहेब रविवारी बाबांना भेटायला जाणार आहेत, निरोप घ्यायला, आणि सगळं सांगणार आहेत. म्हणजे मी नोकरी सोडली हेही, आणि मिळत असलेली त्यांची खुर्ची नाकारली हेही. आत्या, रविवारच्या आधी तू बाबांना फोन कर ना. तू त्यांची मोठी बहीण, पाढे तू शिकवलेस, तुझ्यापुढे ते अजून हात मागे बांधून बोलतात. माझं तोंड उघडत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणी? त्यांना म्हण की पोरगी सुखात आहे. म्हण की तू काढलंस ते आयुष्य वाईट होतं म्हणून तिने हे सोडलं असं मुळीच नाही. हे दुसरं वाक्य नक्की म्हण. त्या डावखुऱ्या कारकुनाचं काय करायचं ते मात्र माझ्यावर सोड, त्याची बदली करून टाकते.

ता. क. २: पाकीट बंद केलं नव्हतं ते बरं झालं. आत्ता जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, मध्ये मध्ये थांबत. मी लवंगेचं तेल काढून ठेवलं. दार ढकलून, गालावर हात धरून आत आले ते बाबा.

‘दाढ फार ठणकतेय,’ म्हणाले आणि सरळ खुर्चीत जाऊन आडवे झाले. मला बघून दचकले नाहीत, काही नाही. माझ्या हातातली बाटली खाली पडली. मी काहीतरी बोलायला गेले तर म्हणाले, ‘आधी मला सांग, त्या डावखुऱ्याचं जमलं का?’ मी म्हटलं, बाबा, तुम्हाला कधीपासून माहीत आहे? म्हणाले, ‘डॉक्टर भेटले होते बाजारात, ज्या दिवशी तुला किल्ली दिली त्याच दिवशी. वाटलं, सांगशील. मग तो कारकून आला आणि म्हटलं, थोडं थांबू, याचं काय होतंय ते तरी बघू. ऑफिसात असा एकही माणूस माझ्या वेळी नव्हता.’

मग ते वर चित्राकडे बघत राहिले आणि आपणच म्हणाले, ‘ते तुझं पाच वर्षांचं काय असतं, बेकरीवाला सांगत होता, ते विचार.’ मी विचारलं. म्हणाले, माझ्या वयाच्या माणसाला पाच वर्षं विचारतेस म्हणजे धीट आहेस. आणि डोळे मिटले. झोपले असं वाटलं, तेवढ्यात अगदी हळू म्हणाले, ‘मधोमध बस. कडेला बसू नकोस, कलंडते ती.’

आता खरंच झोपलेत. ऊन तिरपं होऊन त्यांच्या पायांवर आलंय, वाफेत हलतंय. तेव्हा तू फोन करू नकोस. पत्र मात्र पाठवते, लिहून झालंय तर. आणि एक गोष्ट आत्ता लक्षात आली: डोळे मिटण्याआधी त्यांनी नेहमीच्या सवयीने दात काढून डॉक्टरांच्या त्या पेल्यात ठेवले. वरची कवळी आणि खालची कवळी, सगळे. त्यातली ठणकत होती ती दाढ नेमकी कोणती, ते उठले की विचारते.